वर्षावनातील जुन्या विश्रामगृहात राहायला जाताना

मुंबईतून एखाद्या आडरानातल्या जुन्या विश्रामगृहाला किंवा बंगलीवजा हॉटेलला फोन लावला की आपल्याकडून बहुधा तीन प्रश्न विचारले जातात: खोलीत एसी आहे का, गरम पाणी चोवीस तास असते का आणि मोबाईलला रेंज मिळते का. तिन्ही प्रश्नांना ‘नाही’ असे उत्तर आले की बेत तिथेच मोडतो. कधी बेत मोडत नाही, माणसे जातात, पहिल्याच रात्री वैतागतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बिलावरून वाद घालून घाट उतरतात. आंबोली आणि कर्नाटकातले आगुंबे इथल्या अशा जुन्या घरांमध्ये मी अनेकदा राहिले आहे, एकदा दक्षिणेला तमिळनाडूतल्या वालपराईपर्यंतही जाऊन आले आहे, आणि या मुक्कामांतून माझे एक मत पक्के झाले आहे: तिथल्या जेवणाच्या, आंघोळीच्या आणि दिवे मालवण्याच्या वेळा पावसाने ठरवलेल्या असतात. पाहुण्याने त्या घराची ही रीत आधी समजून घेतली, तर गैरसोय वाटणाऱ्या बहुतेक गोष्टींमागचे कारण दिसू लागते आणि राहणे सुखाचे होते.

आधी पाऊस समजून घ्यावा

मुंबईच्या माणसाला पाऊस माहीत असतो, पण तो शहरातला. सांताक्रूझच्या वेधशाळेत चार महिन्यांत साधारण २,३०० मिलिमीटर पाऊस मोजला जातो; आगुंब्याची वार्षिक सरासरी ७,५०० मिलिमीटरच्या पुढे आहे, आणि आंबोलीही त्याच पंक्तीत बसते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता आणि तो दिवस आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. आगुंब्यात वर्षभरात त्याच्या सुमारे आठपट पाणी पडते. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने जड झालेले वारे सह्याद्रीच्या कड्याला अडतात, वर चढताना थंड होतात आणि कड्याच्या माथ्यावरच रिते होतात, म्हणून घाटमाथ्याचा हा चिंचोळा पट्टा इतका भिजतो. याच पट्ट्यात सदाहरित झाडी टिकून आहे. पश्चिम घाटातील ३९ स्थळांना २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यामागे या अरण्यातील जीवसृष्टीचे वेगळेपण हे मोठे कारण होते.

पाहुण्याच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी की पाऊस थांबला तरी ओल जात नाही. झाडांचे छत एकमेकांत इतके गुंतलेले असते की जमिनीपर्यंत उन्हाचा अगदी थोडा अंश पोचतो, वारा खेळत नाही, आणि पाऊस उघडल्यावरही तासन् तास पानांवरून पाणी ठिबकत राहते. त्यामुळे कपडे वाळत नाहीत, काड्यापेटी सादळते, दारे-खिडक्या फुगतात, विजेच्या तारांवर फांद्या पडतात. जुने घर हे सगळे जाणून बांधलेले असते. उतरते कौलारू छप्पर, हातभर बाहेर आलेल्या वळचणी, खोल व्हरांडा, जांभ्याच्या जाड भिंती आणि मागच्या बाजूला सतत धुमसणारी चूल, ज्या चुलीच्या धुराने वासे कोरडे राहतात आणि त्यांना कीड कमी लागते. छपरावरची मंगलोरी कौले १८६५ पासून मंगळूरच्या कारखान्यात बनू लागली आणि कोकणापासून मलनाडपर्यंत, म्हणजे कर्नाटकाच्या घाटमाथ्यावरच्या डोंगराळ भागापर्यंत, सगळीकडे पोचली. आपल्या गिरगावातल्या जुन्या चाळींवरही तीच होती. अशा छपराखाली एसीची काहीच गरज नसते. उलट गार खोलीतून दमट हवेत आणलेल्या कॅमेऱ्याच्या आणि चष्म्याच्या काचा धुरकटतात, तो त्रास इथे होत नाही.

केव्हा जावे

ज्यांना पाऊसच अनुभवायचा आहे त्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये जावे, पण धुके दाट असेल, पक्षी दिसणार नाहीत आणि दोन-तीन दिवस घराबाहेर पडताही येणार नाही, हे मनाशी धरूनच जावे. माझा पहिला मुक्काम असाच होता. तीन दिवसांत व्हरांड्यापासून पन्नास पावलांपलीकडचे काही दिसले नाही, आणि तरीही मी त्या जागेच्या प्रेमात पडले ती कायमची. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मात्र मी सप्टेंबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबरचा मध्य हा काळ सुचवेन. ओढे भरलेले असतात, दुपारी ऊन पडते, जळवा कमी होऊ लागलेल्या असतात आणि घरातल्या गाद्यांना ऊन दाखवून झालेले असते. मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा हा काजव्यांचा काळ, तो वेगळ्या सहलीचा विषय आहे.

दम्याचा किंवा बुरशीच्या ॲलर्जीचा त्रास असणाऱ्यांनी भर पावसाळ्यात जाऊ नये. जुन्या घरात ओलसर वास असतोच, तो अत्तराने किंवा अगरबत्तीने जात नाही. तान्हे मूल आणि ज्यांना वारंवार दवाखान्याची गरज लागते अशी वडीलधारी माणसे बरोबर असतील तर मुक्कामाची जागा शहराजवळ घ्यावी आणि अरण्यात दिवसा जाऊन यावे. यात कमीपणा काही नाही.

फोनवर काय विचारावे, प्रवास कसा आखावा

सुरुवातीला सांगितलेले तीन प्रश्न सोडून वेगळे प्रश्न विचारावेत. जवळच्या गावातून वर येणारी शेवटची बस किंवा जीप किती वाजता असते. रात्रीचे जेवण किती वाजेपर्यंत सांगावे लागते. वीज गेली तर दिव्याची काय सोय आहे. लँडलाइन चालू आहे का, आणि नसेल तर तातडीचा निरोप कुठून देता येतो. सर्पदंशावर इलाज होईल असे जवळचे रुग्णालय कोणते आणि तिथे पोचायला किती वेळ लागतो. या प्रश्नांची उत्तरे जो मालक किंवा व्यवस्थापक न अडखळता देतो, त्याच्याकडे निःशंक राहावे. जागा सरकारी किंवा वनखात्याची असेल तर परवानगीचा कागद छापून जवळ ठेवावा, कारण चौकीवरच्या माणसाला फोनमधली प्रत दाखवायला तिथे फोन चालूच असेल असे नाही.

पैसे रोख न्यावेत आणि सुट्टे न्यावेत. यूपीआयवर विसंबून गेलेल्या पाहुण्याला बिल भागवण्यासाठी पंधरा-वीस किलोमीटर खाली रेंजमध्ये जाऊन परत यावे लागल्याचे मी पाहिले आहे. नोटा जाड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवाव्यात.

आंबोलीसाठी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून रात्री सुटणारी कोकणकन्या सोयीची पडते. सकाळी सावंतवाडीला उतरून पुढे ३० किलोमीटरच्या आसपास घाटरस्ता आहे. आगुंब्यासाठी दुपारी कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून मत्स्यगंधा घ्यावी, दुसऱ्या दिवशी सकाळी उडुपीला उतरावे आणि हेब्रीमार्गे सोमेश्वर अभयारण्यातून घाट चढावा. हे अंतर साधारण ५५ किलोमीटर आहे. वालपराई लांब आहे: कोईमतूरपर्यंत रेल्वे, मग पोल्लाची, आणि आळियारपासून ४० वळणांचा घाट. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. पावसाळ्यात कोकण रेल्वे वेगळ्या वेळापत्रकाने आणि कमी वेगाने धावते, म्हणून जुन्या वेळा गृहीत धरून पुढची जीप ठरवू नये.

अंधार पडायच्या आत पोचणे हा एकच नियम असा आहे की ज्याला मी अपवाद करत नाही. एकदा आम्ही मुंबईहून गाडीने निघालो, वाटेत जेवायला रेंगाळलो, घाटात धुक्याने गाठले आणि रात्री दहाच्या पुढे पोचलो. फाटक बंद होते, हाक पावसात ऐकू जात नव्हती, आणि म्हातारा खानसामा कंदील घेऊन चिखलातून बाहेर आला तेव्हा आपल्या बेपर्वाईने त्याची झोपमोड झाली याची खंत वाटली. पावसाळ्यात घाटात दरडी येतात, झाडे पडतात. उजेडात वाटेत अडकले तर मदत मिळते, रात्री ती मिळणे कठीण.

पिशवीत काय असावे

सामान कमी आणि नेमके असावे. सुती कपडे आणि जीन्स घरी ठेवाव्यात, कारण एकदा भिजलेली जीन्स चार दिवसांत वाळत नाही. पातळ, पटकन वाळणारे पूर्ण बाह्यांचे कपडे घ्यावेत. जाड टर्किश टॉवेलाऐवजी साधा पंचा न्यावा. आपल्या आजोबांच्या खांद्यावर असायचा तसा पातळ पंचा दमट हवेतही चुलीजवळ तासाभरात वाळतो. झोपण्याचा एक जोड कपडा आणि पायमोजे वेगळ्या घट्ट पिशवीत बांधून ठेवावेत आणि काहीही झाले तरी ते घराबाहेर घालू नयेत. दिवसभर कितीही भिजले तरी रात्री अंगाला कोरडे कापड लागले की सगळा शीण उतरतो.

छत्री आणि रेनकोट या वादात माझे मत छत्रीच्या बाजूचे आहे, निदान रस्त्याने चालताना. दमट हवेत रेनकोटच्या आत घामाने तितकेच भिजायला होते. रानाच्या अरुंद पायवाटेवर मात्र छत्री फांद्यांत अडकते, तिथे पाठीवरच्या पिशवीसकट अंग झाकणारा सैल पोंचो बरा. कोकणात शेतावर वापरतात त्या इरल्याचे तत्त्व हेच: पाठ झाकलेली, हात मोकळे, समोरून हवा खेळती.

पायांत खोल नक्षीच्या तळाचे, पाणी निथळून जाईल असे बूट असावेत. गमबूट चिखलात उत्तम, पण शेवाळलेल्या खडकावर घसरतात. नवे बूट घालून थेट जाऊ नये. पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात दोन-तीन तास चालून ते पायाला बसतात की नाही हे पाहावे. फोर्टात शहीद भगतसिंग मार्गावर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे हॉर्नबिल हाउस आहे. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या निसर्गफेऱ्यांना एकदोनदा गेले तर रानात कसे चालावे आणि काय पाहावे याची तालीम आपसूक होते.

विजेरी प्रत्येकाची स्वतंत्र असावी, शिवाय जादा सेल हवेत. कॅमेरा आणि औषधे घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावीत. चामड्याचे पाकीट आणि पट्टा नेऊ नये, दोन दिवसांत त्यावर बुरशी धरते. जुनी वर्तमानपत्रे जरूर न्यावीत: रात्री ओल्या बुटांत बोळे कोंबून ठेवले तर सकाळपर्यंत बरेच पाणी शोषले जाते.

घरात वावरताना

खोलीत शिरल्यावर आधी गादी आणि उशी हाताने चाचपावी. ओल लागत असेल तर संकोच न करता लगेच सांगावे, कारण दुपारी सांगितले तर चुलीच्या खोलीत ठेवून गादी ऊबदार करून मिळते, रात्री नऊला सांगून काही होत नाही. मच्छरदाणीला भोके आहेत का पाहून ती गादीखाली नीट खोचावी. ती केवळ डासांसाठी नसते. कौलांतून पडणारे किडे, कोळी आणि पालीची लेंडकेही तीच अडवते. पलंगाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले दिसले तर त्या हलवू नयेत, त्या मुंग्यांसाठी असतात. फुगलेली खिडकी जोर लावून उघडू नये. जुन्या लाकडाची बिजागरी निखळली तर तिथे सुतार आठवडाभर येत नाही आणि पाऊस आत येत राहतो. बाहेर जाताना मात्र प्रत्येक खिडकीला कडी घालावी, नाहीतर माकडे सामानाची नासधूस करतात. बूट घालण्यापूर्वी उलटे करून झटकावेत आणि न्हाणीघरात अनवाणी जाऊ नये, कारण मोरीच्या तोंडाशी विंचू बसलेला असू शकतो.

आंघोळीचे पाणी बंबात किंवा चुलीवरच्या हंड्यात तापते. मलनाडातल्या घरांत त्यासाठी सुपारीच्या सोलांचे जळण वापरतात आणि त्या पाण्याला धुराचा मंद वास असतो, तो मला फार आवडतो. एक हंडा तापायला तासभर लागतो, म्हणून घरातल्या चार पाहुण्यांनी आपापसांत वेळा ठरवून घ्याव्यात. रानातून आल्यावर संध्याकाळी आंघोळ करणे शहाणपणाचे, कारण अंगावर चढलेले गोचीड किंवा जळू त्याच वेळी ध्यानात येते. सकाळी तोंड धुण्यापुरते पाणी पुरे.

जेवणाचे दुपारीच सांगून ठेवावे. भाजीपाला आणि दूध खालच्या बाजारगावातून एकदाच येते, आणि चूल पेटवायची म्हणजे लाकडे आधी आत आणून कोरडी करावी लागतात. ‘मेनू’ मागू नये. घरात काय शिजणार आहे ते विचारावे आणि तेच खावे. आंबोलीला तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, सोलकढी मिळेल. आगुंब्याकडे नीरदोसे, कडुबू, ताकात कालवलेली तंबळी आणि आपल्या अळूवडीची सख्खी बहीण शोभेल असे पत्रोडे मिळते. तिथे चहाऐवजी कषाय मागून पाहावे: धने-जिऱ्याची भाजून केलेली पूड गूळ आणि दुधात उकळून ते करतात आणि भिजून आल्यावर त्यासारखे दुसरे काही नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाईंना तिकडे ‘अम्मा’ म्हणतात, आपल्याकडे ‘काकी’ किंवा ‘मावशी’. ‘वेटर’ अशी हाक कोणालाही मारू नये. मासळी आणि मटणाचा हट्ट अशा घरात, विशेषतः ब्राह्मण कुटुंबाने चालवलेल्या मलनाडच्या घरात, धरू नये.

जळवा, साप आणि गोचीड

जळवांची भीती बहुतेकांना सर्वांत जास्त असते आणि धोका सर्वांत कमी. जमिनीवरची जळू आपल्या पावलांचा हादरा, श्वास आणि ऊब ओळखून पानाच्या टोकावर उभी राहते आणि चढते. तिच्या लाळेत जागा बधिर करणारा आणि रक्त गोठू न देणारा असे दोन्ही गुण असतात, म्हणून चावलेले कळत नाही आणि ती सुटल्यावरही जखम बराच वेळ वाहत राहते. ते रक्त पाहून घाबरून जाऊ नये. चिकटलेली जळू ओढू नये, तिच्यावर मीठ टाकू नये, तिला काडीने चटका देऊ नये. तसे केल्यास तिच्या पोटातले उलटून जखमेत जाण्याची शक्यता असते. तिचे निमुळते टोक ते तोंडाचे. तिथे त्वचेलगत नख सरकवून ती पकड सोडवावी, मग मागचे जाड टोक सोडवावे आणि लांब टिचकी मारावी. जखम साबणाने धुऊन कापसाने काही मिनिटे दाबून धरावी. खाज आठवडाभर राहू शकते, नखाने उकरू नये.

टाळण्यासाठी घट्ट विणीचे, गुडघ्यापर्यंत येणारे खास मोजे मिळतात, ते पँटवरून चढवून वर नाडी आवळावी. तिथली माणसे तंबाखूचे पाणी मोज्यांना लावतात. ते पावसात धुऊन जाते, पण तासभर उपयोग होतो. पायवाटेवर रेंगाळू नये, फोटोसाठी थांबायचे तर खडकावर थांबावे. मधुमेह असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

सापांविषयी अधिक गांभीर्याने लिहिले पाहिजे. आपल्या देशात मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालते; ही लस बनवणाऱ्या परळच्या हाफकिन संस्थेचे नाव मुंबईकरांना त्यामुळेच परिचित आहे. घाटातल्या सदाहरित रानात दिसणारे चापडे (झाडाझुडपांत राहणारे विषारी साप) आणि नागराज (किंग कोब्रा) या लशीच्या कक्षेत येत नाहीत. नागराज माणसाला क्वचितच चावतो, तो मुख्यतः धामणीसारखे दुसरे साप खातो आणि चाहूल लागताच दूर जातो. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी २००५ मध्ये आगुंब्याला वर्षावन संशोधन केंद्र उभे केले, ते याच सापाच्या आणि या अरण्याच्या अभ्यासासाठी. चापडा मात्र फांदीवर किंवा पायवाटेच्या कडेला तासन् तास निश्चल बसतो आणि पानासारखाच दिसतो, म्हणून हात टेकवण्याआधी आणि पाऊल टाकण्याआधी पाहण्याची सवय लावून घ्यावी. अंधार पडल्यावर न्हाणीघरापर्यंतसुद्धा विजेरीशिवाय जाऊ नये. दंश झालाच तर माणसाला शांत बसवावे, तो हात किंवा पाय फळकुटाला बांधून स्थिर करावा, अंगठी-कडे काढावे, आवळपट्टी बांधू नये, जखम कापू किंवा चोखू नये आणि फोनवर ज्या रुग्णालयाचे नाव विचारून ठेवले होते तिथे थेट न्यावे. १०८ क्रमांक महाराष्ट्रात आणि कर्नाटकात दोन्हीकडे चालतो, पण रुग्णवाहिका वर येण्याची वाट पाहण्यापेक्षा घरच्या जीपने खाली निघून वाटेत गाठणे बहुधा लवकर होते.

डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत गोचिडींची काळजी घ्यावी. माकडताप या नावाने ओळखला जाणारा आजार १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेला, गोचिडीतून तो माणसाला होतो, आणि २०१६ पासून आपल्या सिंधुदुर्गातही, दोडामार्गकडे, त्याचे रुग्ण आढळले आहेत. पाचोळ्यावर बसू नये, मेलेल्या माकडाजवळ जाऊ नये, आणि परतल्यावर पंधरवड्यात जोराचा ताप आला तर डॉक्टरांना आपण कोणत्या रानात राहिलो होतो हे आवर्जून सांगावे. मुंबईच्या दवाखान्यात ताप म्हटला की आधी डेंगी, मलेरिया आणि लेप्टो यांचाच विचार होतो.

दिवस आणि रात्र

इथे ‘पॉइंट’ पाहण्याचा कार्यक्रम आखू नये. सकाळी सहाला व्हरांड्यात येऊन बसावे. पहाटेच्या अंधुक उजेडात शीळकरी कस्तूर गाऊ लागतो. एखादा पोरगा रमतगमत, चाल विसरत शीळ घालत चालला आहे असेच वाटते, आणि ही शीळ पावसाळ्यातच भरात असते. पाऊस उघडल्यावर फळांनी लगडलेल्या वडा-उंबराच्या झाडाकडे लक्ष ठेवले तर राजधनेश येतो. त्याच्या पंखांचा आवाज तो दिसण्याच्या आधी ऐकू येतो, जणू कोणी दूरवर भाता चालवतो आहे. वाटाड्याला घेऊन सकाळी दोन तासांची एक फेरी मारावी, दुपारी झोपावे किंवा वाचावे, आणि चारनंतर पुन्हा व्हरांडा. आरामखुर्ची तिथे उगाच ठेवलेली नसते.

आंबोलीला जूनच्या सुरुवातीला गेलेल्यांनी सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, चालताना पायाखाली पाहावे. २००९ मध्ये वर्णन झालेला आणि केवळ आंबोलीच्या परिसरातच आढळणारा एक लहान भेक पहिल्या पावसानंतर कातळावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. तिथे गाडी चढवणे किंवा डबक्यांतून धावणे म्हणजे त्याचा वर्षभराचा विणीचा हंगाम चिरडणे, आणि शनिवार-रविवारच्या गर्दीत हे घडताना पाहून जीव तुटतो.

रात्री वीज गेली तर लगेच जनरेटरचा आग्रह धरू नये. सगळे दिवे मालवून वीस मिनिटे स्वस्थ बसावे. डोळे अंधाराला सरावले की भर पावसाळ्यात, नशिबाने साथ दिली तर, कुजक्या फांद्यांवरची बुरशी हिरवट प्रकाशात मंद उजळलेली दिसते. आंबोली आणि भीमाशंकर या दोन्ही ठिकाणी ती दिसते. विजेरीवर लाल जिलेटीनचा कागद लावला तर बेडूक पाहताना डोळ्यांची ती सवय मोडत नाही. दिवे असतील तर मालकाच्या परवानगीने व्हरांड्यात पांढरी चादर टांगून एक दिवा लावावा आणि तासाभराने पतंग पाहावेत. तळहाताएवढे पतंग अगदी जवळून पाहता येतात. मग दिवा आठवणीने बंद करावा, नाहीतर ते रात्रभर तिथेच झडप घालून थकतात. स्पीकरवर गाणी लावू नयेत. कौलांवरचा पाऊस, पागोळ्यांची एकसुरी धार आणि बेडकांचे आवाज हे सगळे ऐकायला आपण बारा तासांचा प्रवास करून आलेलो असतो.

निघताना

बिल आदल्या संध्याकाळी करून घ्यावे, म्हणजे सकाळी जीप थांबवून हिशेब मांडावा लागत नाही. खानसामा, पाणी तापवणारा आणि वाटाड्या यांना बक्षिसी वेगवेगळी आणि हातात द्यावी. आपण आणलेले प्लास्टिक, संपलेले सेल आणि औषधांची रिकामी पाकिटे परत मुंबईला न्यावीत, कारण तिथे कचरागाडी येत नाही आणि मागे राहिलेले सगळे शेवटी परसातल्या खड्ड्यात जळते. आरक्षित वनातून ऑर्किड, शंख किंवा झाडाचे रोप आणू नये, तो गुन्हाही आहे.

घरी आल्यावर पिशवी आत न नेता गॅलरीत उपसावी, कपडे गरम पाण्यात टाकावेत आणि बूट झटकून उन्हात ठेवावेत. मग तिथल्या माणसांचे काढलेले फोटो छापून पाठवावेत. फोनवर पाठवलेले फोटो त्यांच्यापर्यंत कधी पोचतील याचा भरवसा नसतो, टपालाने पाठवलेले पोचतात. आगुंब्याच्या त्या घरात मी पाठवलेला अम्मांचा एक फोटो आता स्वयंपाकघराच्या दारावर, धुराने थोडा पिवळा झालेला, खिळ्याला अडकवलेला आहे; पुढच्या वेळी गेले तेव्हा तिने आधी तो दाखवला आणि मग कषाय ठेवले.